“पाणी कमी प्या” एवढ्याने भागत नाही : डायलिसिसच्या पेशंटशी बोलायचं कसं

शनिवारची पहिली पाळी. देवगडकडचे एक काका वजनकाट्यावर उभे. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो; काटा दाखवतोय ५५.८. मंगळवारी ५२ वर घरी गेलेला माणूस चार दिवसांत ३.८ किलो चढून आला होता. मी नेहमीचं वाक्य टाकलं, “काकानू, पाणी कमी करा म्हटलं होतं ना?” काका खरंच दुखावले. “पाणी मी पितंयच खंय, सिस्टर? गोळयेपुरतेच दोन घोट.”

ते खोटं बोलत नव्हते. सकाळी काय खाल्लं ते विचारल्यावर उलगडा झाला. उकड्या तांदळाची पेज, दोन वाडगे. रात्री जेवण जात नाही म्हणून पुन्हा पेज, एक वाडगा. “अहो, पेज म्हणजे पाणीच की,” मी म्हटलं.

“पेज म्हंजे पाणी काय? पेज ती पेज!”

‘द्रव पदार्थ’ हा शब्द आपल्या पुस्तकातला आहे. काकांच्या घरात पेज आहे, कढी आहे, सार आहे, चहा आहे आणि पाणी वेगळं आहे. मी पाण्याबद्दल विचारलं, त्यांनी पाण्याबद्दलच सांगितलं. चुकला होता तो माझा प्रश्न.

युनिटला नव्याने लागलेल्या सिस्टर, ब्रदर आणि टेक्निशियनसाठी हे लिहिते आहे. सुई घालायला, मशीन लावायला तुम्हाला कोणीतरी शिकवेलच. बोलायला सहसा कोणी शिकवत नाही, आणि डायलिसिसच्या पेशंटचं निम्मं बरं-वाईट त्याच्या घरच्या ताटावर ठरतं. आठवड्याला दोन खेपा, प्रत्येकी चार तास धरले तरी वर्षाला ४१६ तास तो तुमच्यासमोर असतो. तीन खेपा असतील तर ६२४. एवढा वेळ त्याच्या मुंबईकर मुलालाही मिळत नाही.

आधी वेळ बघा

पहिल्या अर्ध्या तासात काही शिकवायला जाऊ नका. सुईची धास्ती असते, तुमचंही लक्ष बीपी आणि अलार्मकडे असतं. शेवटचा तासही नको. तेव्हा बीपी खाली आलेलं असतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि डोळे घड्याळाकडे लागलेले असतात, कारण दुपारची एसटी चुकली तर पुढची संध्याकाळी. दुसरा तास चांगला. स्टूल ओढा, बसा, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. उभं राहून सांगितलेलं ओरडल्यासारखंच वाटतं.

“दहा मिनिटं बोलूया का?” असं विचारून सुरुवात करा. तो माणूस नळ्यांनी बांधलेला आहे, उठून जाऊ शकत नाही, म्हणून तर विचारायचं. एका खेपेला एकच विषय घ्या. आज पेज, तर आज फक्त पेज. आणि शेजारची खाट हाताच्या अंतरावर आहे हे विसरू नका. लघवी, पैसे, हिपॅटायटिसचा रिपोर्ट या गोष्टी मोठ्याने बोलायच्या नसतात. आपल्याकडे शेजारच्या खाटेवरचा माणूस बहुधा त्याच्याच वाडीतला निघतो.

प्रश्न बदला, मग मोजा

“पाणी किती पिता?” हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी, “काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, क्रमाने सांगा.” मध्ये टोकू नका. ऐकताना कपाळाला आठी पडली की पुढचं सगळं लपतं.

काकांचा हिशेब असा निघाला : पेज तीन वाडगे ९०० मिली, चहा तीन कप ३००, सोलकढी २००, माशाच्या कालवणाचा रस १५०, गोळ्यांपुरतं पाणी १००. एकूण १६५० मिली. त्यांना लघवी होते दिवसाला सुमारे २००. डॉक्टर सहसा ‘२४ तासांची लघवी अधिक ५०० मिली’ एवढं पिण्याचं माप देतात, म्हणजे काकांचे ७००. रोज ९५० मिली जादा. गुणिले चार दिवस, बरोबर ३.८ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. इतका चोख हिशेब दर वेळी लागत नाही, घाम-जुलाबाने फरक पडतो. पण त्या दिवशी लागला आणि काका काट्याकडे बघतच राहिले.

तोंडी हिशेबावर मात्र थांबू नका. पुढच्या शनिवारी येताना घरचा तोच वाडगा आणायला मी काकींना सांगितलं. स्टीलचा, काठ थोडा चेपलेला. नळाचं पाणी त्यात नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं आणि मोजपात्रात ओतलं. ३०० मिली. काकी म्हणाल्या, “इतक्या?” भाताची शितं बाजूला काढली तरी पेजेत उरतं ते बहुतेक पाणीच. आकडा मी सांगितला असता तर तो माझा झाला असता. त्यांच्या वाडग्यातून निघाला, म्हणून त्यांचा झाला.

आता घरी करायची पद्धत. सकाळी एका स्वच्छ बाटलीत दिवसाचं माप भरून ठेवायचं, काकांच्या बाबतीत ७०० मिली. जे काही प्याल, चहा असो की पेज, तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. प्यायचं पाणीही त्यातलंच. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला. अक्षरओळख नसलेल्यांनाही हे जमतं, वही लागत नाही. छोटा कप वापरायचा, चूळ भरून थुंकायची, एखादा बर्फाचा खडा चघळायचा (तोही मापात धरून). आणि “पेज बंद” म्हणायचं नाही. तीनचे दोन वाडगे करा, मग एक, आणि रात्री मऊ भात. ज्याने साठ वर्षं पेज खाल्ली त्याच्या तोंडून ती काढून घेतलीत तर तो तुम्हालाच सोडेल.

“मशीन आहे की, काढेल सगळं,” असं हमखास ऐकू येतं. इथे विहीर उपयोगी पडते. विहिरीवर पंप लावला आणि झऱ्याने पाणी भरायच्या आधीच उपसा केला, तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपचं पाण्यातलं टोक, उघडा पडतो. जमिनीत पाणी असूनही. मशीन फक्त रक्तातलं पाणी ओढतं. पायांत आणि फुप्फुसांत साठलेलं पाणी रक्तात झिरपायला वेळ लागतो. दर किलो वजनाला ताशी १३ मिलीच्या वर ओढलं तर हृदयावर ताण येण्याचा धोका वाढतो. ५२ किलोच्या माणसाला चार तासांत हे होतं साधारण २.७ लिटर. ३.८ काढायला गेलं की बीपी कोसळतं, गोळे येतात. हे १३ आणि २.७ पेशंटला सांगायची गरज नाही, तुम्हाला पाठ हवं. पेशंटला झरा पुरतो.

तहानेचं मूळ मिठात

मीठ तसंच ठेवून पाणी तोडायला सांगणं म्हणजे छळ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा मीठ, आणि त्यात स्वयंपाकातलंही आलं. हे सांगितल्यावर सगळे म्हणतात, “आम्ही वरून मीठ घेतच नाही.” खरं असतं. आपल्या किनाऱ्यावर मीठ वरून येतच नाही, ते आतून येतं : खारे बांगडे, सुकट, सुके बोंबील, खारातला आंबा, लोणचं, पापड. सोलकढीच्या आगळातही (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ असतं, हे आगळ घरी करणाऱ्या बाईला आधीच माहीत असतं, पण तिला कोणी विचारलेलंच नसतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, ताजी मासळी महाग होते आणि डब्यातली सुकी बाहेर निघते. जून ते ऑगस्ट वजनं चढतात, त्यामागचं एक कारण हेच.

दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ कोणी हौसेने आणलं असेल तर त्याच दिवशी थांबवा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीच्या पेशंटला ते विषासारखं. सैंधव घेतो म्हणून निर्धास्त असणारेही भेटतील. सैंधव हे मीठच.

पोटॅशियम : माझी एक चूक

नवी होते तेव्हा एका बाईंना मी ठणकावून सांगितलं होतं, “फळं बंद.” त्यांनी इमानाने बंद केली. वैशाखात त्या पाय लुळे पडल्यासारखं होतंय म्हणून आल्या. रक्तातलं पोटॅशियम ७ च्या वर, म्हणजे जिवावरचं. आंबा नाही, केळं नाही, फणस नाही. तासाभराने त्यांची सून सहज म्हणाली, “उन्हाचं म्हणून रोज दोन शहाळी देतो.” शहाळं म्हणजे फळ नाही ना! वर वाडीतल्या सगळ्यांनी सांगितलेलं, शहाळ्याने किडनी साफ होते. वेळेत डायलिसिस झालं म्हणून निभावलं. एका शहाळ्यात ३०० मिली पाणी धरलं तरी ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. बहुतेक पेशंटना दिवसभराचीच मर्यादा २००० ते २५०० ची असते.

तेव्हापासून मी ‘फळं’, ‘पोटॅशियम’ असे गठ्ठ्याचे शब्द वापरत नाही, नावं घेते. शहाळं नाही. सुका मेवा नाही. फणसाचे गरे आणि आठळ्या नाहीत. बटाटा, सुरण बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायचे, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडायचे, तेही पाणी फेकायचं. उपासाला साबुदाणा-शेंगदाणे-बटाटा असं तिन्ही एकत्र येतं, त्यामुळे श्रावण लागण्याआधीच विषय काढा. हापूसच्या दिवसांत “आंबा बंद” म्हटलं की तो चोरून खाल्ला जातो. त्यापेक्षा आहारतज्ज्ञांशी बोलून आकडा ठरवा : किती फोडी, आठवड्यातून कितीदा. देवगडच्या माणसाला आंब्याबद्दल ‘थोडासा’ सांगून उपयोग नाही; त्याचा थोडासा म्हणजे अर्धी पेटी.

एका फळाबाबत मात्र तडजोड नाही. पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते ते करमळ. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आपल्या पेशंटच्या अंगात ते साठतं. न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, झटके आणि मृत्यूसुद्धा. फळ दाखवून सांगा, निदान फोनवर फोटो तरी दाखवा, कारण नाव गावागणिक बदलतं. कालवणात आंबटपणाला घालतात ती बिलिंबीही नको.

एवढं सगळं ‘नको’ ऐकून पेशंट जेवणच कमी करतो. त्यात डायलिसिस लागण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेलं असतं, ते तो अजून पाळतोय. आता उलट आहे. डायलिसिसवर किलोला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. म्हणून प्रत्येक ‘नको’बरोबर एक ‘खा’ सांगा : ताजी मासळी खा, अंड्याचा पांढरा भाग खा. चेहरा लगेच बदलतो.

हातातलं इंजिन

फिस्टुला म्हणजे सुई घालण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. तिची ‘थ्रिल’, म्हणजे बोटाला लागणारी थरथर, तपासा असं आपण सांगतो. मालवणच्या एका रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, त्याला आपलं नाव दिलं. बोटं ठेवून म्हणाला, “होडयेचा इंजिन चालता तसा लागता.” तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना तेच विचारतो, “इंजिन चालू आहे ना?” सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना बोटं ठेवून बघायचं. बंद वाटलं तर पुढच्या खेपेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. गुठळी काढून फिस्टुला वाचवायची संधी सुरुवातीच्या तासांत असते.

‘जड उचलू नका’ हेही नुसतं सांगू नका. कळशी कुठल्या हाताने आणता? जाळं कोण ओढतं? बांगड्या घट्ट आहेत का, झोपताना हात उशाखाली जातो का? त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, आणि हे गावच्या दवाखान्यात पेशंटनेच सांगायचं आहे. तेवढं एक वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या : “ह्या हाताक सुई नको.” घरी सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटाने नेमक्या जागी घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, टॉवेलवर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही. थांबलं नाही तर दाबूनच दवाखाना गाठायचा.

मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर एकच ठसवा : ओलं करायचं नाही, आणि थंडी वाजून ताप आला की लगेच यायचं.

उलट सांगून घ्या

“समजलं ना?” या प्रश्नाला आपल्याकडे “होय” हेच उत्तर आहे. सिस्टरांना नाही म्हणायचं तरी कसं! त्यापेक्षा ओझं आपल्यावर घ्या : “मी नीट सांगितलं की नाही मला कळत नाही. आता घरी गेल्यावर काकींना काय सांगाल, ते मला सांगा.” फॉस्फरसची गोळी जेवणासोबत घ्यायची, हे मी एकांना तीनदा समजावलं होतं. उलट सांगताना म्हणाले, “जेवल्यावर दोन तासांनी.” त्यांच्या मते सगळ्याच गोळ्या पोट हलकं झाल्यावर घ्यायच्या. जेवणातल्या फॉस्फरसला ती पोटातच पकडते, म्हणून घासाबरोबर, हे तेव्हा कुठे बसलं.

आणि घरात शिजवतं कोण, ते शोधा. खाटेवरच्या माणसाला मिठाचं व्याख्यान देऊन काय उपयोग, डबा सुनेच्या हातात असतो. महिन्यातून एकदा तिला आत बोलवा. सून नसेल, मुलं मुंबईला आणि घरी दोघंच म्हातारी असतील, तर मुलाला फोन लावून पेशंटसमोरच बोला. पाठीमागे तक्रार केल्यासारखं नको.

अवघड प्रश्न

“शेजारच्या झिलाचा डायलिसिस सुटला, माझा का नाय?” कोकणात हा प्रश्न जास्त येतो, कारण इथे लेप्टो (पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आहे, घोणस आणि फुरसं आहे. लेप्टो झाला किंवा घोणस चावली तर किडनी अचानक बंद पडते आणि बऱ्याच जणांची काही आठवड्यांत पुन्हा चालू होते. मधुमेहाने किंवा बीपीने वर्षानुवर्षं सुकत गेलेली तशी परतत नाही. “त्याचा माड वादळात वाकला, सावरला. तुमच्या माडाचा शेंडाच गेलाय,” असं एका ज्येष्ठ सिस्टरांना सांगताना मी ऐकलं आहे. मला स्वतःला ते फार कठोर वाटतं. मी म्हणते, “तुमच्या किडनीचं काम आता मशीन करणार. प्रत्यारोपण होऊ शकेल का, ते डॉक्टरांना एकत्र विचारू.” पण “बघू, होईल बरं” म्हणून खोटी आशा लावत नाही. असा पेशंट खेपा चुकवून बघतो.

कोणी देवाचा कौल लावून येतं, कोणी झाडपाल्याचं औषध घेत असतं. हसलात तर पुढचं कळणार नाही. “गाऱ्हाणं घाला, आमच्यासाठीपण घाला, पण खेप चुकवू नका,” एवढं चालतं. औषधाची पुडी मात्र बघायला मागा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि एक दिवस कोणीतरी विचारतं, “तीन नंबरचे आबा नाय इले?” आबा गेलेले असतात. “सुट्टीवर आहेत” म्हणू नका, संध्याकाळपर्यंत गावाकडून कळतंच. घरच्यांना चालणार असेल तर जवळ बसून हळू आवाजात सांगा आणि थोडा वेळ तिथेच थांबा. त्या दिवशी मिठावर बोलायचं नाही.

पाऊस आणि गणपती

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा रस्तेही गेले आणि वीजही. त्यानंतर मी मे महिन्यातच प्रत्येकाशी पावसाचं बोलून घेते. तुमच्या घराच्या आणि युनिटच्या मध्ये कुठली नदी, कुठला घाट? अलीकडे कोणाकडे दोन दिवस राहता येईल? इशारा आला की खेप एक दिवस अलीकडे घ्यायला फोन कोण करणार? फाइलची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत आहे का? आणि खेप चुकलीच तर : पिणं निम्म्यावर, फळं आणि मीठ जवळजवळ शून्य, भात-साखर-अंड्याचा पांढरा भाग यावर तगायचं. आडवं झाल्यावर दम लागला, छातीत धडधडलं, पाय लुळे वाटले तर वाट न बघता जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. हेही उलट सांगून घ्या.

गणपतीला चाकरमान्यांत डायलिसिसवाले असतात. आदल्या दिवशी फोन आला तर जागा मिळणं कठीण, म्हणून गावच्या नातेवाइकांना जुलैतच निरोप द्या : हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, मागच्या तीन खेपांचे कागद, ड्राय वेट, हेपॅरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) प्रमाण. मोदक? एक खाऊ दे. नारळ-गुळाचा आहे, दोन नको. दर्शनाला घरोघर जातील, तिथे प्रत्येक घरात चहा होतो, त्याची मोजणी आधीच सांगून ठेवा.

फाइलच्या मागच्या पानावर

जे बोललात ते लिहा, नाहीतर पुढच्या पाळीची सिस्टर पुन्हा “पाणी कमी प्या”पासून सुरू करते. लांबलचक नको. त्या काकांच्या फाइलीतलं पान असं आहे :

पहिला शनिवार : +३.८. पेज ३ वाडगे, पाण्यात धरत नाहीत. वाडगा आणायला सांगितला.
दुसरा शनिवार : +३.१. वाडगा ३०० मिली. पेज २ वर. बाटली सुरू.
तिसरा शनिवार : +२.९. काकींशी बोलणं. आगळ बंद, बिनमिठाची सोलं.
चौथा शनिवार : +२.४. गोळे नाहीत. पेज १, सकाळची. काकी म्हणतात मांजर बाटली पाडतं आणि काका त्याचा फायदा घेतात. बाटली फळीवर ठेवायला सांगितली.